अर्ध्या इंचाचा गट पुढच्या शनिवारी कुठे गेला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुमच्याकडे .३०८ विंचेस्टरची बोल्ट-अ‍ॅक्शन (दर बाराला हाताने बोल्ट मागेपुढे करायची) रायफल आहे. दुकानातली काडतुसं १०० यार्डांवर दीड इंचाच्या आसपास गट देतात, म्हणजे कागदावरच्या सगळ्यांत दूरच्या दोन भोकांत तेवढं अंतर पडतं. म्हणून उन्हाळ्यात काडतुसं भरायची प्रेस घेतली आणि घरी काडतुसं भरायला लागलात. पावडरचं वजन ०.२ ग्रेनने (हे वजनाचं बारीक माप, पुढे सांगतो) वाढवत बारा वजनं केलीत, प्रत्येकी तीन गोळ्या झाडल्यात. एका वजनाला अर्ध्या इंचाचा गट आला, घरात पेढे वाटायचे बाकी राहिले होते. पुढच्या शनिवारी तेच वजन, तीच गोळी, आणि गट १.४ इंच! आता विचारताय की पावडर बदलू, काडतुसाच्या पितळी पुंगळीत गोळी बसवायची खोली बदलू, का प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टिकली)? थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पेन्सिल्व्हेनियाचा हरणांच्या शिकारीचा रायफल सीझन उघडतो आणि हातात सात आठवडे आहेत.

काहीच बदलू नका. तुमच्या हातून चूक झालेली नाही. तो अर्धा इंच योगायोग होता.

माझी नोकरी यंत्रांचे सुटे भाग तपासण्याच्या खात्यात गेली. कारखान्यात कुणी तीन नग मोजून 'यंत्र झकास चाललंय' म्हणाला असता तर साहेबांनी त्याला दारातून परत पाठवलं असतं. तोच नियम चांदमारीवर मी बरीच वर्षं विसरलो होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. तीन गोळ्यांचा गट फार लहरी असतो. एकाच रायफलीतून, अगदी एकसारख्या काडतुसांचे बारा गट घेतले तरी सगळ्यांत लहान गट सगळ्यांत मोठ्याच्या निम्म्याहून लहान सहज निघतो. एका वर्षी मी मुद्दाम ३६ काडतुसं एकाच वजनाची भरली, डबीवर १ ते १२ आकडे घातले आणि बारा वेगळी वजनं असल्यासारखी झाडली. सगळ्यांत लहान गट ०.६ इंच, सगळ्यांत मोठा १.९. आकडे कागदावर मांडले तेव्हा मधोमध एक सुरेख दरीसुद्धा दिसली, जिला लोक 'नोड', म्हणजे रायफलीला मानवणारं वजन, म्हणतात. वजनं तर सगळी एकच होती!

तुमचे बारा गट पाहता रायफलीचा तीन गोळ्यांचा सरासरी गट सव्वा इंचाचा दिसतो. तिचे दहा गोळ्यांचे गट दोन इंचांच्या आसपास येतील, कारण गोळ्या वाढल्या की गट मोठाच होत जातो. हे ऐकून वाईट वाटेल. पण ही चांगली रायफल आहे.

गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफचंही तसंच. पाच गोळ्यांच्या वेगाचं प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीपासून किती इकडेतिकडे होतो तो आकडा, सेकंदाला ८ फूट आलं म्हणून तुम्ही खूश झालात. पाच नगांवरून काढलेल्या त्या ८ चा खरा आकडा ५ पासून २३ पर्यंत कुठेही असू शकतो. आणि समजा तो खराब निघाला, तरी हरणाला त्याचं काय? .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २०० यार्ड जायला सेकंदाचा साधारण पाव भाग घेते. वेगात सेकंदाला ३० फुटांचा फरक पडला तर २०० यार्डांवर गोळी साधारण पाव इंच वरखाली होते. हजार यार्डांच्या स्पर्धेत त्या आकड्यावर भांडणं होतात. हरणाच्या सीझनमध्ये त्यावर झोप घालवू नका.

आता खरा प्रश्न. बाकावर, वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून, तापलेल्या नळीतून किती लहान गट येतो याच्याशी शिकारीत तुमचं देणंघेणं नाही. पहाटे साडेसहाला, अंग आखडलेलं असताना, थंड नळीतून निघालेली पहिली गोळी कुठे जाते, आणि ती आत जाऊन काय करते, एवढ्याच दोन गोष्टी हरणाला लागू पडतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं काळीज आणि फुफ्फुसं यांचा भाग साधारण आठ इंचांच्या थाळीएवढा. तुमची आजची रायफल २०० यार्डांवर चार इंचांत मारते. म्हणजे थाळीत मारण्याचं काम ती आजही करते. उरलेल्या चार इंचांत तुमचा हात, श्वास आणि घाई बसवायची आहे.

यात जागेनुसार फरक पडतो हे आधीच कबूल करतो. वायोमिंगच्या उघड्या माळावर किंवा टेक्ससच्या लांबच लांब वाटांवर ३०० यार्डांचा बार निघत असेल तर माझा हिशेब जरा कडक करावा लागेल. पण पेन्सिल्व्हेनियाच्या जंगलात माझी बहुतेक हरणं शंभर यार्डांच्या आतच मिळाली. सगळ्यांत लांबचं १८० यार्डांवर, तेही एका मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला.

म्हणून क्रम उलटा करा. तुम्ही पावडरपासून सुरुवात केलीत, मी गोळीपासून करतो.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये असतं, ७,००० ग्रेनचा एक पौंड. हा आकडा नवा वाटत असेल तर आजीचा तोळा आठवा. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे १८० ग्रेनची गोळी एक तोळा, आणि १५० ग्रेनची दहा मासे. माझा सासरा सराफी पेढीवर बसलेला माणूस. माझा तराजू पाहून तो म्हणाला होता, "एवढ्या बारीक मापानं तर आम्ही सोनंसुद्धा दिलं नाही."

.३०८ मधून हरणासाठी १५० किंवा १६५ ग्रेनची, शिशाच्या गाभ्याची आणि तांब्याच्या कवचाची साधी शिकारी गोळी पुरेशी आहे. हॉर्नडीची इंटरलॉक, सिएराची गेमकिंग, असल्या गोळ्या वर्षानुवर्षं हे काम करतायत. गाभा कवचाला जोडलेल्या बाँडेड गोळ्या किंवा मध्ये भिंत असलेली नॉस्लर पार्टिशन या जाड हाडांच्या मोठ्या जनावरांसाठी बऱ्या पडतात. जॉन नॉस्लरने पार्टिशन बनवायला घेतली ती मूसच्या शिकारीत गोळीने दगा दिल्यावर, तुमच्या दीडशे पौंडांच्या हरणासाठी नव्हे. पूर्ण तांब्याच्या गोळ्याही उत्तम आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही, तिथे त्याच लागतात. मटण घरच्या मुलांच्या ताटात जाणार असेल तर शिशाचे बारीक कण नकोत म्हणून पुष्कळजण आपणहून तांब्याकडे वळतात. मीही गेल्या काही वर्षांत वळलो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत जास्त जागा खाते. त्यामुळे शिशाच्या गोळीचा तक्ता तिला लावायचा नाही. आणि तिला उमलायला जरा जास्त वेग लागतो. किती, ते गोळी बनवणारा छापतो. तो आकडा तुमच्या लांबात लांब अंतरावरच्या वेगाशी ताडून पाहा.

स्पर्धेची गोळी मात्र शिकारीला वापरू नका, गट कितीही सुंदर आला तरी. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या सीझनला मी हाच गाढवपणा केला. कागदावर जीव ओवाळून टाकावा असा गट देणारी, टोकाला बारीक भोक असलेली मॅचची गोळी घेऊन गेलो. नेम बरोबर लागला, पण गोळी न उमलता सुईसारखी आरपार गेली. रक्ताचा माग जेमतेम. अंधार पडेपर्यंत मी आणि शेजारचे म्हातारे गृहस्थ टॉर्च घेऊन ते हरीण शोधत होतो. सापडलं, पण त्या तीन तासांत मला गट या शब्दाचा वीट आला.

गोळी ठरली की पावडर. इथे मी एकही वजन लिहिणार नाही. अनोळखी माणसाने लिहिलेलं वजन वापरू नये हा या छंदातला पहिला नियम आहे आणि मी तुम्हाला अनोळखीच आहे. ज्या कंपनीची गोळी, तिचं चालू आवृत्तीचं पुस्तक घ्या, पावडर बनवणाऱ्याचा तक्ता शेजारी ठेवा आणि दोन्हींत असलेली पावडर निवडा. .३०८ साठी व्हारगेट, आयएमआर ४०६४, एच४८९५ अशा मधल्या गतीच्या, शेवयांच्या बारीक तुकड्यांसारख्या दिसणाऱ्या पावडरी बहुतेक पुस्तकांत असतात. यातल्या काही तापमानाला फारशा हलत नाहीत, आणि हे आपल्याला महत्त्वाचं. तुम्ही चाचणी ऑगस्टच्या घामात केलीत, बार निघणार आहे बर्फात. गोल दाण्यांच्या काही पावडरी मापायला सोप्या, पण थंडीत वेग सोडतात आणि उन्हात दाब चढवतात. म्हणून निवडलेली काडतुसं नोव्हेंबरच्या एखाद्या गार सकाळी पुन्हा झाडून पाहायचीच.

नावांच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. एच४८९५ आणि आयएमआर४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एच४३५० आणि आयएमआर४३५० तशाच. एकीचं वजन दुसरीला चालत नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की मापकातली पावडर त्याच डब्यात, तेव्हाच्या तेव्हा. एकदा फोन वाजला म्हणून मी उठलो, परत आलो तर टेबलावर दोन डबे आणि मापकात पावडर. कुठल्या डब्यातली? ऐंशी टक्के खात्री होती. या कामात ऐंशी टक्के म्हणजे शून्य. सगळी पावडर मागच्या हिरवळीवर नेऊन पसरली. नत्र भरपूर असल्यामुळे गवत मात्र त्या तुकड्यात जोमाने वाढलं.

आता वजनं. पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनापासून अर्ध्या अर्ध्या ग्रेनने वर जा, प्रत्येक वजनाचं एखाद-दुसरं काडतूस. हे गटासाठी नाही, दाब तपासायला आहे. प्रायमर चपटा झाला का, बोल्ट उचलताना जड लागतो का, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीची) चकचकीत खूण उमटली का, ते बघायचं. मात्र या खुणा उशिरा दिसतात. .३०८ चा दाब ६२,००० पीएसआयपर्यंतच (दर चौरस इंचाला इतके पौंड) जावा असं मानक आहे. बोल्ट जड होतो तेव्हा बहुतेक वेळा तुम्ही ती रेषा ओलांडून गेलेले असता. म्हणून क्रोनोग्राफचा मी एकच उपयोग करतो, चुगलीखोर म्हणून. नळीची लांबी धरून पुस्तकातला कमाल वेग तुम्हाला कमी वजनातच मिळाला तर प्रायमर कितीही गोंडस दिसो, दाब कमालीला पोचलाय. तिथे थांबा. फुकटचा वेग मिळत नाही.

या चार-पाच वजनांतलं कमालीपेक्षा अर्धा-एक ग्रेन खालचं एक निवडा आणि त्याची वीस काडतुसं भरा. दहा गोळ्या एकाच कागदावर, नळी मधूनमधून गार होऊ देत. दोन इंचांच्या आसपास आलं तर काम झालं. तीन इंचांच्या पुढे गेलं तर आधी स्कोपचे स्क्रू, मग दांड्यात नळी कुठे घासते का, मग तुमचा खांदा, हे तपासा. तरीही नाही तर गोळी बदला. पावडर ०.२ ने हलवून मोठा गट लहान झाल्याचं मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. गोळी बदलून झाल्याचं अनेकदा पाहिलंय.

गोळी किती खोल बसवायची हा तुमचा दुसरा प्रश्न. पुस्तकात दिलेल्या एकूण लांबीवर बसवा. .३०८ ची कमाल लांबी २.८१० इंच आहे आणि मॅगझिन त्याच बेताने बनवलेलं असतं. गोळी नळीच्या आट्यांना टेकवून गट लहान करायची कसरत शिकारीच्या काडतुसात कराल तर एक दिवस भरलेलं काडतूस न उडवता बाहेर काढताना गोळी नळीत अडकून राहील आणि पावडर सगळी बोल्टच्या खाचांत सांडेल. जंगलात, बर्फात, हातमोजे घालून ते साफ करून दाखवा.

पुंगळीच्या आकाराबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. शिकारीसाठी झाडून फुगलेली पुंगळी साच्यातून पूर्ण आकारात आणा, नुसती मान नको. खांदा एक ते दोन हजारांश इंच मागे गेला की पुरे. जास्त मागे ढकललात तर पुंगळी दर वेळी ताणली जाऊन बुडाजवळ तडकते, कमी ढकललात तर बोल्ट ऐनवेळी बंद होत नाही. पुंगळीची लांबी २.०१५ इंचांच्या वर गेली तर २.००५ ला कापायची. आणि भरलेलं प्रत्येक काडतूस सीझनआधी एकदा रायफलीत घालून बोल्ट बंद होतो का ते पाहायचं, चांदमारीवर, नळी लक्ष्याकडे ठेवून. घरात हा प्रयोग करायचा नाही. दुकानातल्या काडतुसांपेक्षा घरच्या काडतुसांचा खरा तोटा हाच आहे, तपासनीसही तुम्हीच असता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते. एक कोरा कागद घ्या, त्यावर तारीख घाला. दर शनिवारी चांदमारीवर पोचल्यावर पहिली गोळी त्याच कागदावर, थंड नळीतून, शिकारीत बसाल तसं बसून. बाकावरून नाही. झाडाला पाठ टेकून, गुडघ्यावर कोपर, किंवा काठीच्या आधाराने. एकच गोळी. मग कागद गुंडाळून पिशवीत, आणि उरलेला सराव दुसऱ्या कागदांवर. पाच-सहा शनिवारांनी त्या कागदावर जो गट दिसेल तो तुमचा, तुमच्या रायफलीचा आणि तुमच्या काडतुसाचा खरा गट. माझा पहिल्या वर्षीचा तसला कागद पाच इंचांचा होता, तोही तेव्हा मी बाकावर पाऊण इंच मारत असताना. कागदावरचा गट आठ इंचांच्या थाळीत ज्या अंतरापर्यंत बसतो, ती तुमची मर्यादा. त्यापुढचं हरीण जाऊ द्यायचं.

सात आठवड्यांचा हिशेब मग असा लागतो: पहिल्या आठवड्यात गोळी आणि पावडर ठरवणं, दुसऱ्यात दाबाची चाचणी, तिसऱ्यात दहाचा गट आणि स्कोप शंभरावर दीड-दोन इंच वर लावणं. त्याच दिवशी ऐंशी-नव्वद काडतुसं एकाच पावडरच्या डब्यातून भरून ठेवा. उरलेले आठवडे फक्त झाडण्याचे. प्रेसला हात लावायचा नाही, कितीही खाज आली तरी.

दोन गोष्टी जाता जाता, कारण आपल्या लोकांत त्या कुणी सांगत नाही. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात का एच-१बीवर, ते लिहिलेलं नाही. ग्रीन कार्ड असेल तर संघराज्याच्या कायद्याने अडचण नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक आणि काडतुसं बाळगायला मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना हातात असला तर सूट मिळते, पण परवान्याची मुदत संपली की ती सूटही गेली. तारीख पाहा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा, चांदमारीवरच्या मित्राला नको. स्वतःसाठी काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकण्यासाठी लागतो. मित्राला प्रेमाने चार काडतुसं देणंही मी टाळतो, त्याच्या रायफलीत काडतूस बसायची जागा माझ्या रायफलीच्या मापाची नाही. आणि हे सगळं इथलं. भारतात शिकार वन्यजीव कायद्याने बंद आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा बॅगेच्या कप्प्यात एखादी पुंगळी राहिलेली नाही ना, हे आदल्या रात्री दोनदा बघा.

दुसरं, शिसं. प्रायमरच्या धुरात ते असतं, आणि पुंगळ्या घासायच्या यंत्राच्या धुळीत सगळ्यांत जास्त. ते यंत्र घराबाहेर चालवा, काम झालं की थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवा, त्या टेबलावर चहाचा कप ठेवू नका. लहान मूल घरात असेल तर ती खोली कुलपात.

शेवटी तुम्ही विचारलंत की त्या बारा वजनांची उरलेली ६० काडतुसं फेकून द्यायची का. मुळीच नाही. सगळ्यांत वरच्या दोन वजनांची असतील ती हातोडीसारख्या पुलरने उघडा, गोळ्या वापरता येतील, पावडर हिरवळीला. बाकीची उभं राहून, बिनआधाराची झाडायला ठेवा. पन्नास यार्डांवर कागदी थाळी टांगा, जेवणाची साधी. पहिल्या दिवशी दहातल्या किती लागल्या ते मला कळवा, गट मोजू नका.